आधी गळा, मग वाद्ये: 'जॅगेड लिटल पिल' या अल्बमचा प्रकरण अभ्यास

१३ जून १९९५ रोजी मॅव्हरिक रेकॉर्ड्स या अमेरिकी कंपनीने 'जॅगेड लिटल पिल' हा पॉप-रॉक अल्बम बाजारात आणला, तेव्हा त्याच्या गायिका आणि गीतकार अलॅनिस मॉरिसेट यांना एकविसावे वर्ष पूर्ण होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. कंपनीची अपेक्षा माफक होती. पुढचा अल्बम काढता येईल इतका हा खपला तरी पुरे, असा तिचा हिशेब होता. प्रत्यक्षात १९९८ पर्यंत एकट्या अमेरिकेत त्याला एक कोटी साठ लाख प्रतींचे प्रमाणपत्र मिळाले आणि जगभरातील विक्रीचा आकडा पुढे तीन कोटींच्या वर गेला. या यशाची कारणे सांगताना गायिकेचा संताप, तिचे वय, त्या दशकातील तरुण स्त्रियांची मनःस्थिती आणि संगीतवाहिन्यांचा प्रभाव यांचा उल्लेख नेहमी होतो. ती कारणे खोटी नाहीत. पण संतापलेल्या तरुण गायिका त्याआधीही होत्या आणि त्यांच्यातील काही जणी अधिक धारदार लिहीत होत्या. म्हणून येथे एका वेगळ्या, काहीशा तांत्रिक वाटणाऱ्या निर्णयाचा विचार केला आहे. या अल्बमवर ऐकू येणारे गायन बहुतांशी डेमोमधलेच, म्हणजे गाणे रचले त्याच दिवशी केलेल्या कच्च्या ध्वनिमुद्रणातले, आहे आणि ते पुन्हा गाऊन घेतले गेले नाही.

मुंबईच्या स्टुडिओंशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना या निर्णयाचे वेगळेपण लगेच जाणवेल. आपल्याकडे चाल पक्की झाली की कोणी तरी 'डमी' गाते, त्यावर वाद्ये चढतात आणि शेवटी मुख्य गायक येऊन 'डबिंग' करतो. डमीचा आवाज कितीही चांगला असला, तरी तो पुसण्यासाठीच असतो. या अल्बमच्या बाबतीत उलटे घडले. पुसली गेली ती वाद्ये, आणि डमी म्हणता येईल असा गळा कायम राहिला.

ओटावातील पूर्वपीठिका

मॉरिसेट यांचा जन्म १ जून १९७४ चा, कॅनडाच्या राजधानीचे शहर असलेल्या ओटावातला. लहानपणी त्यांनी मुलांच्या एका दूरचित्रवाणी मालिकेत काम केले आणि १९८७ मध्ये स्वतःच्या पैशांतून एक एकेरी ध्वनिमुद्रिका काढली. एमसीए या ध्वनिमुद्रण कंपनीच्या कॅनडातील शाखेने १९९१ मध्ये त्यांचा पहिला अल्बम प्रकाशित केला. 'अलॅनिस' एवढेच त्याचे नाव होते आणि त्यातले संगीत नाचाच्या ठेक्यावर चालणारे चकचकीत पॉप होते. तो कॅनडात चांगला खपला आणि पुढच्या वर्षी त्यांना होतकरू गायिकेचा जूनो हा कॅनडाचा संगीत पुरस्कारही मिळाला. १९९२ च्या दुसऱ्या अल्बमची विक्री मात्र पहिल्याच्या साधारण निम्मीच झाली. दोन अल्बमांचा करार संपला आणि शाळकरी वय नुकतेच सरलेल्या या मुलीपाशी ध्वनिमुद्रणाचा करार उरला नाही.

कॅनडातील रेडिओ केंद्रांनी ठरावीक प्रमाणात कॅनेडियन संगीत वाजवलेच पाहिजे, असा नियम १९७१ पासून आहे. या नियमाने अनेक कलावंतांना आधार दिला हे खरे. पण त्याच्या आडोशाला वाढलेली कीर्ती बहुधा सीमेपर्यंतच पोहोचते. मॉरिसेट यांचे पहिले दोन अल्बम अमेरिकेत प्रकाशितच झाले नव्हते. पुढे तेथील अनेक श्रोत्यांना 'जॅगेड लिटल पिल' हेच त्यांचे पदार्पण वाटले, आणि जुनी नृत्यगीते उजेडात आली तेव्हा काहींना फसवले गेल्यासारखे झाले. ही तक्रार मला फारशी पटत नाही. सोळाव्या वर्षी मोठ्या माणसांनी बेतून दिलेले कपडे विसाव्या वर्षी उतरवणे याला फसवणूक म्हणायचे, तर मोठे होण्यालाही तेच म्हणावे लागेल.

या टप्प्यावर एक बाब निर्णायक ठरली. ध्वनिमुद्रणाचा करार संपला असला, तरी गीतलेखनाच्या हक्कांचा, म्हणजे पब्लिशिंगचा, करार चालू होता. संगीतव्यवसायात हे दोन करार वेगळे असतात. ध्वनिमुद्रण कंपनी विशिष्ट मुद्रण विकते; पब्लिशिंग कंपनी गाण्याच्या शब्दस्वरांचे हक्क सांभाळते, आणि आपल्या गीतकाराने नव्या संगीतकारांबरोबर बसून गाणी रचावीत यात तिचा सरळ फायदा असतो. मॉरिसेट आधी टोरांटोला गेल्या, मग लॉस एंजेलिसला फेऱ्या मारू लागल्या. एका संगीतकाराशी जमेना म्हणून दुसरा, असे बरेच झाल्यावर १९९४ च्या सुरुवातीला पब्लिशिंग कंपनीमार्फतच त्यांची गाठ ग्लेन बॅलर्ड यांच्याशी पडली. बॅलर्ड तेव्हा चाळिशी ओलांडलेले, क्विन्सी जोन्स या नामवंत निर्मात्याच्या हाताखाली तयार झालेले आणि मायकल जॅक्सन यांच्या 'मॅन इन द मिरर'चे सहलेखक म्हणून ओळखले जाणारे कसबी संगीतकार होते. त्यांच्या नावावर जमा असलेले सगळे काम घासूनपुसून चकाकणाऱ्या पॉपचे होते. कच्चेपणाच्या बाजूने ते उभे राहतील, असे त्यांच्या पूर्वायुष्यावरून कोणालाही वाटले नसते.

एन्सिनोतील घर

लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो खोऱ्यातील एन्सिनो या भागात बॅलर्ड यांचा घरगुती स्टुडिओ होता. तेथे दोघे एकटेच बसत. ध्वनिमुद्रक नाही, वादक नाहीत, कंपनीचा माणूसही नाही. जवळजवळ दिवसाला एक गाणे, या गतीने काम चाले आणि बैठक कधी बारा, कधी सोळा तासांची होई. बॅलर्ड गिटार किंवा कीबोर्ड घेऊन स्वरावली शोधत, ठेका यंत्रावर बसवत. मॉरिसेट शब्द लिहीत आणि लिहिता लिहिताच चाल धरत. रात्र होईपर्यंत गाणे उभे राहिले, की त्याच रात्री त्या ते एकदा, फार तर दोनदा गात. दुसऱ्या दिवशी दुसरे गाणे.

ही पद्धत शक्य होण्यामागे एक यंत्र होते. अॅलेसिस कंपनीचा 'एडॅट' हा मुद्रक एस-व्हीएचएस जातीच्या व्हिडिओ कॅसेटवर आठ स्वतंत्र ट्रॅक, म्हणजे आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या, डिजिटल पद्धतीने मुद्रित करी आणि असे अनेक मुद्रक एकमेकांना जोडून ट्रॅकांची संख्या वाढवता येई. त्याआधी प्रकाशनयोग्य दर्जाचे बहुट्रॅक मुद्रण करायचे म्हणजे तासावर भाड्याने मोठा स्टुडिओ घ्यावा लागे, आणि तासाचे मीटर पडत असताना सहसा कोणी तेथे बसून गाणे रचत नसे. त्यामुळे गाणे सुचणे आणि ते गाणे यांत आठवडे, कधी महिने जात. दरम्यान गायकाला आपलेच गाणे पाठ होऊन जाई, कोणत्या शब्दावर दाद मिळते ते त्याला कळे आणि तो तिथे नेमके थांबायला शिके. एडॅटमुळे हे अंतर काही तासांवर आले. मॉरिसेट जेव्हा माइकसमोर उभ्या राहिल्या, तेव्हा शब्द त्यांना नुकतेच सुचलेले होते. डेमोचा आवाज प्रकाशित करण्याच्या दर्जाचा निघाला तो यंत्रामुळे, आणि तो पुन्हा गाऊन मिळण्यासारखा नव्हता तो या ताजेपणामुळे. या दोन गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या, म्हणूनच पुढच्या निर्णयाला अर्थ आला.

ऐकताना हा ताजेपणा कुठे सापडतो, असे कोणी विचारले तर मी आधी श्वासांकडे बोट दाखवीन. चांगला ध्वनिमुद्रक ओळींमधला श्वास कापतो किंवा दाबतो. येथे तो धापेसारखा, ओळीचाच भाग होऊन येतो. दुसरी जागा शब्दांच्या बसवणुकीची आहे. 'ऑल आय रिअली वॉन्ट' या पहिल्याच गाण्यात ओळीत मावतील त्यापेक्षा अधिक अक्षरे कोंबलेली आहेत; ती मावावीत म्हणून गायिका भलत्याच अक्षरावर जोर देते, कुठे शब्द ताणते, कुठे गिळते. मात्रांचा काटेकोर हिशेब ठेवणाऱ्या संगीतकाराने या ओळी परत लिहायला सांगितल्या असत्या. पण बोलणारा माणूस रागात असला की त्याचे वाक्य असेच मात्रांबाहेर सांडते. याच गाण्यात शांततेची भीती वाटणाऱ्या माणसाला उद्देशून एक प्रश्न येतो आणि पुढचे क्षणभर सगळे वाद्यवृंदासकट थांबते. त्या रिकाम्या क्षणानंतर ठेका परत येतो तेव्हा ऐकणारा दचकतो.

सुटा गळा आणि दोन पाहुणे

डेमो अनेक कंपन्यांकडून नाकारला गेला. अखेर तो मॅव्हरिककडे पोहोचला. मॅडोना यांनी १९९२ मध्ये टाइम वॉर्नरच्या भागीदारीत स्थापन केलेली ही कंपनी होती आणि नवे कलावंत हेरण्याचे काम तेथे गाय ओसिअरी हा विशीतला तरुण पाहत होता. करार झाल्यावर गाण्यांवर पुढचे काम सुरू झाले. काही ठिकाणी यंत्राच्या ठेक्याच्या जागी किंवा जोडीला खरे ड्रम आले, लान्स मॉरिसन यांचे बेस आले, बेनमाँट टेंच यांचा ऑर्गन आला. काही ठिकाणी यंत्राचा ठेका तसाच राहिला. गळ्याला मात्र हात लावला गेला नाही.

'यू ऑटा नो' या गाण्यात ही उलटी पद्धत सर्वांत स्पष्ट दिसते. त्यावर रेड हॉट चिली पेपर्स या बँडमधील फ्ली यांनी बेस आणि डेव्ह नव्हारो यांनी गिटार वाजवली. त्यांच्यासमोर आधीची वाद्ये ठेवलेली नव्हती, फक्त गायन ठेवलेले होते, आणि त्या सुट्या गळ्याभोवती त्यांनी आपले वादन रचले. एरवी गायक वाद्यांच्या मागून येतो. ठेका ठरलेला असतो आणि त्याला त्यात आपली जागा शोधावी लागते. येथे जागा शोधण्याचे काम वादकांवर आले. म्हणून फ्ली यांचे बेस पहिल्या अंतऱ्यात गायिकेच्या कुजबुजीखाली अस्वस्थपणे वळवळत राहते आणि मुखड्यात आवाज फुटतो तेव्हाच वाद्येही उसळतात. गाण्यातला तो प्रियकर कोण, याविषयी तीस वर्षे तर्क चालू आहेत. गायिकेने नाव कधी सांगितलेले नाही आणि या अभ्यासाला त्याची गरजही नाही.

अल्बमची शेवटची पट्टी या दृष्टीने ऐकण्यासारखी आहे. बारा गाणी संपल्यावर तेराव्या जागी 'यू ऑटा नो'चेच दुसरे रूप येते, मग काही वेळ शांतता, आणि ज्याने यंत्र बंद केलेले नाही त्याला 'युअर हाउस' हे वेष्टनावर न छापलेले गाणे ऐकू येते. त्यात एकही वाद्य नाही. प्रियकराच्या रिकाम्या घरात शिरलेली, त्याच्या वस्तू हाताळणारी आणि शेवटी दुसऱ्या स्त्रीचे पत्र हाती लागलेली एक तरुणी एवढाच त्याचा विषय आहे. इतर गाण्यांत वाद्ये बदलली गेली; येथे ती ठेवलीच नाहीत. अल्बम कशावर उभा आहे हे त्याच्या निर्मात्यांना पुरते ठाऊक होते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला दुसरा दिसत नाही.

बाजारातील प्रवास

अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड या खपाच्या यादीत शंभराच्याही खालच्या क्रमांकावर दाखल झाला. लॉस एंजेलिसच्या के-रॉक या प्रभावी रॉक रेडिओ केंद्राने 'यू ऑटा नो' वाजवायला सुरुवात केली आणि चित्र पालटले. रॉक केंद्रांवर स्त्रियांची दोन गाणी लागोपाठ लावायची नाहीत, असा अलिखित संकेत तेव्हा होता; पुढे १९९७ मध्ये सारा मॅक्लाक्लन या कॅनेडियन गायिकेने केवळ स्त्री कलावंतांचा लिलिथ फेअर हा फिरता महोत्सव काढला, त्यामागे याच संकेताविषयीची चीड होती. अशा वातावरणात रॉक केंद्रातूनच या गाण्याची वाट उघडावी, हे नव्हारो आणि फ्ली यांच्या वादनाशिवाय घडले असते का, याविषयी मला शंका आहे.

कंपनीची विक्रीची चालही लक्षात घेण्याजोगी आहे. 'यू ऑटा नो' अमेरिकेत सुटे विकायला काढलेच नाही, आणि त्या काळच्या नियमानुसार जे गाणे सुटे विकले जात नाही ते हॉट हंड्रेड या मुख्य गीतयादीत धरले जात नसे. यादीतला क्रमांक हातचा गेला खरा, पण रेडिओवर दिवसरात्र वाजणारे गाणे घरी हवे असेल तर अख्खा अल्बम घेण्यावाचून ग्राहकाला गत्यंतर उरले नाही. ऑक्टोबर १९९५ मध्ये अल्बम पहिल्या क्रमांकावर पोहोचला, तेथे तो एकूण बारा आठवडे राहिला आणि १९९६ च्या वार्षिक यादीतही त्याने पहिले स्थान मिळवले. फेब्रुवारी १९९६ च्या ग्रॅमी सोहळ्यात त्याला चार पुरस्कार मिळाले, त्यांत वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचाही होता. तो मिळवणाऱ्या मॉरिसेट तोवरच्या सर्वांत तरुण कलावंत होत्या. २०१० मध्ये टेलर स्विफ्ट यांनी हा विक्रम मोडला.

श्रेयाचा प्रश्न

यश मिळताच एक जुना आक्षेप पुढे आला. सर्व बारा गाण्यांवर बॅलर्ड यांचे सहलेखक म्हणून नाव आहे, निर्मितीही त्यांचीच आहे, तर मग हा संताप खरा कोणाचा? पस्तिशीच्या गायकाने अनुभवी संगीतकाराबरोबर काम केले तर त्याला सहकार्य म्हणतात, आणि एकोणीस वर्षांच्या मुलीने केले तर तिला कोणी तरी 'घडवले' असे म्हणतात. नोंदी सांगतात त्या अशा: शब्द मॉरिसेट यांचे, संगीत दोघांचे, 'युअर हाउस' पूर्णपणे त्यांचे एकटीचे. शिवाय जी माणसे आवाज घडवू पाहतात ती डेमोचा गळा ठेवत नाहीत. बॅलर्ड यांचे मोठेपण मला त्यांनी जे केले त्याहून त्यांनी जे करायचे टाळले त्यात अधिक दिसते. चकाकी आणण्याची सगळी साधने हाताशी असताना त्यांनी ती गळ्यापुरती बाजूला ठेवली. 'राइट थ्रू यू' या गाण्यात नवख्या गायिकेला जेवायला नेऊन तिचे नावही धड न उच्चारणारा संगीतव्यवसायातला माणूस आहे. तो वाचून किंवा ऐकून उभा केलेला वाटत नाही.

या पद्धतीची किंमतही मोजावी लागली, आणि ती 'आयरॉनिक' या गाण्यात दिसते. सुटे विकले गेलेले हे गाणे हॉट हंड्रेडमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. पण त्यात सांगितलेल्या प्रसंगांपैकी बरेच प्रसंग इंग्रजी व्याख्येनुसार 'आयरनी' ठरत नाहीत, नुसते दुर्दैव ठरतात, असे म्हणत वर्गांपासून विनोदवीरांपर्यंत सर्वांनी त्यावर तोंडसुख घेतले. लग्नाच्या दिवशी पाऊस पडला यात आयरनी कसली? मराठीत हा वाद इतका पेटला नसता असे मला वाटते, कारण बोलण्यातल्या वक्रतेला आपल्याकडे 'उपरोध' आहे आणि घटनांच्या क्रूर योगायोगाला 'दैवदुर्विलास' आहे. या दुसऱ्या शब्दाच्या पोटात गाण्यातले बहुतेक प्रसंग सुखाने मावतात. पावसाचा प्रसंग तेवढा तिथेही जरा ओढूनताणूनच बसतो. मॉरिसेट यांनी स्वतः ही चूक पुढे हसत मान्य केली. चार दिवस जाऊ देऊन शब्द पुन्हा तपासले असते, तर ती नक्की दुरुस्त झाली असती. पण मग याच हिशेबाने पहिल्या गाण्यातल्या मात्राही दुरुस्त झाल्या असत्या.

दहा वर्षांनंतरचे प्रमाण

प्रकरण अभ्यासात सहसा न मिळणारी एक सोय येथे आहे. निर्णय उलटा घेतला असता तर काय झाले असते, हे तपासून पाहता येते. अल्बमनंतर मॉरिसेट यांनी सुमारे दीड वर्ष दौरे केले. सोबतच्या वादकांत पुढे फू फायटर्स या रॉक बँडमध्ये गेलेले टेलर हॉकिन्स ड्रमवर होते, आणि रंगमंचावर ही गाणी मूळ मुद्रणापेक्षा बरीच कडक होत गेली. दौरा संपल्यावर त्या थकून भारतात आल्या, काही आठवडे येथे फिरल्या. १९९८ च्या पुढच्या अल्बममधील 'थँक यू' या गाण्यात त्यांनी भारताचे नाव घेऊन आभार मानले आहेत, ते या मुक्कामातून. तो अल्बम पहिल्याच आठवड्यात यादीच्या शिखरावर गेला, पण आधीच्या विक्रीच्या जवळपासही पोहोचला नाही.

२००५ मध्ये, दशकपूर्तीच्या निमित्ताने, त्यांनी बॅलर्ड यांच्याच साथीने 'जॅगेड लिटल पिल'ची सर्व गाणी ध्वनिक वाद्यांवर पुन्हा गाऊन मुद्रित केली. ही आवृत्ती उत्तर अमेरिकेत सुरुवातीचे सहा आठवडे फक्त स्टारबक्सच्या कॉफीगृहांत विकली गेली, आणि त्याचा राग येऊन कॅनडातील एचएमव्ही दुकानांनी मॉरिसेट यांचे इतर अल्बम फडताळांवरून काढले. गाणी तीच, गळा तोच, संगीतकार तेच. गायन अधिक सुरेल आहे, श्वास जागच्या जागी आहेत, शब्द कुठे सांडत नाहीत. तरी ही आवृत्ती ऐकताना एखादी जुनी जखम कशी झाली होती ते शांतपणे सांगणारी बाई समोर बसल्यासारखे वाटते. ते ऐकणे सुखद आहे, पण १९९५ मध्ये लोकांनी विकत घेतले होते ते हे नव्हे. विक्रीही मूळच्या तुलनेत अगदीच किरकोळ राहिली.

या आवृत्तीत 'आयरॉनिक'मधले शब्द दुरुस्त करण्याची उघड संधी होती. मॉरिसेट यांनी त्यात एकच लक्षात येण्याजोगा बदल केला: स्वप्नातला पुरुष भेटल्यावर त्याच्याबरोबर दिसणारी देखणी बायको जाऊन तिच्या जागी देखणा नवरा आला, कारण समलिंगी विवाहाचा प्रश्न तेव्हा ऐरणीवर होता आणि त्या त्याच्या बाजूने होत्या. लग्नाच्या दिवशीचा पाऊस मात्र तिथेही तसाच पडतो.